कल कमी झाला, पकड वाढली का?

कर्जत स्टेशनाजवळच्या भिसेगावात राहणाऱ्याला दोन घाट अगदी शेजारचे. एक नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढणारा, दुसरा खोपोलीच्या पुढचा बोरघाट. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता 1830 साली खुला झाला, आणि तेव्हापासून वळणावर गाडी कलणे हा तिथल्या प्रवासाचा भागच आहे. मोटार जुनी असेल तर ती जरा जास्तच कलते. मग घरातला एखादा काका किंवा थोरला भाऊ म्हणतो, "मागे एक स्टॅबिलायझर बार टाकून घेऊ. गाडी कलणार नाही आणि रस्त्याला चिकटून चालेल."

यातले पहिले म्हणणे बरेचसे खरे आहे. दुसरे खरे नाही, आणि ते खरे मानून पावसाळ्यात घाट उतरणे जिवावर बेतू शकते. या दोन म्हणण्यांमधला फरक शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजतो, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

आधी हा बार म्हणजे काय ते पाहा. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला तो पोलादी दांडा असतो. त्याचा मधला आडवा भाग रबरी बुशांमध्ये फिरू शकतो आणि दोन्ही टोके डाव्या-उजव्या चाकांच्या हालचालीशी जोडलेली असतात. सायकलचा एक जुना आरा घ्या, तो यू आकारात वाकवा आणि मधला भाग एका लाकडी पट्टीवर दोन खिळे वाकवून असा अडकवा की तो सहज फिरेल. आता दोन्ही टोके एकदम वर उचला. आरा नुसता फिरतो, विरोध करत नाही. एक टोक धरून ठेवा आणि दुसरे उचला. लगेच आऱ्याला पीळ पडतो आणि तो तुमच्या बोटांना मागे ढकलतो. बारचे सारे काम एवढेच. दोन्ही चाके एकदम उसळली तर तो गप्प असतो. एक वर आणि एक खाली गेले, म्हणजेच गाडी कलली, की तो आड येतो.

दांड्याची जाडी इथे फार महत्त्वाची असते. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 16 मिलिमीटरऐवजी 19 मिलिमीटरचा दांडा घातला तर विरोध थोडासा वाढत नाही, जवळजवळ दुप्पट होतो. "जरा जाड टाका" असे गॅरेजमध्ये सहज बोलून जाणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

आता मुख्य मुद्दा. समजा, मोटारीचे वजन 900 किलो आहे, गुरुत्वमध्य रस्त्यापासून 55 सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये 125 सेंटिमीटर अंतर आहे. वळणाची त्रिज्या 30 मीटर आणि वेग ताशी 40 किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र वापरले तर केंद्राकडील त्वरण सेकंदाला सेकंदाला 4.1 मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 0.42 पट. या त्वरणामुळे आतल्या चाकांवरचा सुमारे 165 किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. 900 गुणिले 0.42 गुणिले 55 भागिले 125, करून पाहा. या गुणाकारात बार कुठे आहे? कुठेच नाही! गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरतो, त्याची थोडी भर पडते, पण ती किरकोळ. बार लावा वा काढा, हा भार बाहेर जाणारच. त्यातला किती पुढच्या चाकांच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या, एवढेच बार ठरवतो. मागे बार बसवला की मागच्या जोडीचा वाटा वाढतो.

मग बिघडले कुठे? बिघडते ते टायरमुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची आडवी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. उदाहरणादाखल असे धरा की 200 किलो भाराचा टायर 150 किलोइतका आडवा जोर सोसतो, 300 किलोंचा 205 आणि 100 किलोंचा 82. मागच्या दोन चाकांवर 200-200 असताना दोघांची मिळून पकड 300 झाली. भार 300-100 असा विभागला तर ती 287 उरली. एकूण भार तेवढाच राहिला, पकड मात्र घटली. याचा अर्थ, मागचा बार मागच्या चाकांची पकड कमी करतो. ज्या गाडीचे नाक वळणावर बाहेर पळते, तिला हे औषध लागू पडते, कारण पुढच्या चाकांवरचा ताण हलका होऊन ती वळणात नीट शिरते. ज्या गाडीचे शेपूट आधीच घसरट आहे, तिला हेच औषध विष होते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचे मूळ इटलीच्या फियाट 1100 मध्ये. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, मागचा आस अखंड आणि तो पोलादी पाट्यांवर बसवलेला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तरी हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आजही दिसतात. अशी गाडी ओल्या घाटात उतरत आहे, चालकाने वळणात ब्रेक दाबला, भार पुढे धावला आणि मागची चाके हलकी झाली, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 ते 0.8 असतो, ओल्यावर तो 0.5 च्या आसपास येतो आणि टायर गुळगुळीत असतील तर आणखी खाली. आपल्याला वळणासाठी 0.42 लागत होता. म्हणजे गाडी काठावरच उभी आहे, आणि अशा वेळी 13 किलोंची घटसुद्धा मोठी असते. त्यातून गाडी कलत नसल्यामुळे चालकाला धीर आलेला असतो! कल ही गाडीने दिलेली सूचना आहे. ती ऐकू येईनाशी झाली म्हणून धोका गेला असे होत नाही. दस्तुरीच्या चढावर रोज टॅक्सी चालवणाऱ्यांचे पाय ही सूचना बरोबर ओळखतात.

खड्ड्यांचेही एक दुखणे आहे. बारमुळे डावे-उजवे चाक एकमेकांशी बांधले जाते, तेव्हा एका चाकाने खाल्लेला धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि गाडी डुलत चालते. आपल्या रस्त्यांवर याची किंमत कमी नाही.

म्हणून बार बसवूच नये असे मी म्हणत नाही. त्याचा नंबर शेवटचा लावावा, असे म्हणतो. आधी टायर आणि त्यांतली हवा पाहावी. शॉकअ‍ॅब्झॉर्बर गळत आहेत का, बुश झिजले आहेत का, एखादा पाटा मोडला आहे का, हे तपासावे. जुन्या गाडीचा कल अनेकदा या झिजेतून वाढलेला असतो, आणि झीज तशीच ठेवून वर बार चढवणे म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फोडणे होय. गाडीखाली वाकून हेही पाहावे की कारखान्याने दिलेला बार कुणी काढून तर टाकला नाही.

हे सारे करून बार घ्यायचाच ठरला तर त्या गाडीसाठी बनवलेला, आणि उपलब्ध जाड्यांपैकी बारीक घ्यावा. काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, मजबूत घोड्यांवर टेकवावी. बारचे पट्टे गंजक्या पत्र्यावर लावू नयेत. कोकणच्या पावसात खालचा पत्रा वरून धड दिसला तरी आतून पोकळ झालेला असतो. आस पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेला तरी बार ब्रेकच्या नळीला किंवा सायलेन्सरला घासता कामा नये. टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. पाट्यावर किंवा आसाच्या नळीवर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून परत यावे.

आणि एक बदल असा आहे की त्याला पाना लागत नाही. वरच्याच वळणावर वेग 40 वरून 30 वर आणा. बाहेर जाणारा भार 165 वरून सुमारे 93 किलोंवर येतो आणि लागणारा घर्षणांक 0.42 वरून 0.24 वर. कोणत्याही जाडीचा दांडा हे करू शकत नाही. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर घ्यावे, आणि शक्य असल्यास मुलांना गावातल्या गॅरेजमध्ये नेऊन उचललेल्या गाडीखालचा बार दाखवावा. डावे चाक कुणी वर ढकलले की उजवीकडे काय होते, ते मुलांनी हात लावून पाहावे.