शोषखड्डा खणला, पण सांभाळणार कोण?

नेकनूरसारख्या गावात न्हाणी-मोरीचे पाणी घराजवळच मुरवणे हा सगळ्यांना परवडणारा मार्ग आहे. आपल्याच मराठवाड्यातल्या टेंभुर्णीने (जि. नांदेड) तो करून दाखवला. तिथे घरोघर शोषखड्डे झाले, उघड्या नाल्या गेल्या आणि डासही कमी झाले.

पण खड्डा खणणे हे निम्मेच काम, असे आम्हाला वाटते. न्हाणी आणि खड्डा यांच्यामध्ये गाळ अडवणारी छोटी टाकी हवी. ती वरचेवर साफ केली नाही, तर केस, खरकटे आणि साबणाचा मळ दगडांत बसतो आणि खड्डा तुंबतो. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून तिथे खड्डा मोठा लागतो. तो विहीर-बोअरपासून लांब असावा. संडासाचे पाणी त्यात कधीही सोडू नये. मशिदीतल्या वजूचे पाणी मात्र झाडांना देता येते.

हे सारे गवंड्याला आणि घरातल्यांना शिकवावे लागते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)चा २०२० पासूनचा दुसरा टप्पा सांडपाण्यासाठीही आहे. म्हणून ग्रामसभेत खड्ड्यांबरोबर प्रशिक्षणही मागा. प्रत्येक मोहल्ल्यातले दोघे तरी तयार व्हावेत.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संडासाची टाकी उपसायला माणूस आत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय तसे करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतला वायू काही क्षणांत जीव घेतो. गाडी बोलवायला चार पैसे जास्त लागतील, पण कुणाचे घर उजाडणार नाही.