दाराशी आलेल्याला आपण जात सांगितली

नोव्हेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत एक प्रकरण उघडकीला आलं. ‘चिलुमे’ नावाच्या संस्थेला महापालिकेनं मतदार जागृतीचं काम दिलं होतं, तेही फुकट करून देण्याच्या बोलीवर. पत्रकारांनी खोदून काढलं तेव्हा दिसलं की संस्थेची माणसं निवडणूक कर्मचारी म्हणून घरोघर फिरत होती आणि फोन, आधार, शिक्षण, नोकरी, मातृभाषा, जात असं सगळं टिपून नेत होती. अटका झाल्या. दोन आयएएस अधिकारी निलंबित झाले. शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या मतदारसंघांच्या याद्या निवडणूक आयोगानं पुन्हा तपासायला लावल्या.

त्या संस्थेला आणि अधिकाऱ्यांना शिव्या देऊन झाल्या. मला विचारायचं आहे ते दार उघडणाऱ्यांना. महादेवपुऱ्यात व्हाइटफील्ड येतं. जगभरच्या बँकांची माहिती सांभाळणारे अभियंते तिथं राहतात. मतदार यादीला जात कशाला लागते, हा साधा प्रश्न त्यातल्या किती उंबरठ्यांवर विचारला गेला?

मागेल त्याच्या हाती आधारची झेरॉक्स ठेवायची आपल्याला सवय झाली आहे. नुकसान फक्त आपलं असतं तर आपलं आपण भोगलं असतं. पण आपण दुसऱ्यांची माहितीही वाटून टाकतो. नवं ॲप संपर्क यादी मागतं, आपण न वाचता होकार देतो. त्या एका बोटासरशी मावशीचा नंबर जातो, मुलीच्या बाईंचा जातो, आणि नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पत्ता लपवून राहणाऱ्या मैत्रिणीचाही जातो, आपण तो ज्या नावानं साठवला त्या नावासकट. सोसायटीच्या गेटवर धुणीभांडी करणाऱ्या बाईचा फोटो काढून घेतात, येण्याजाण्याची वेळ नोंदवतात. तिला कोण विचारतं? विश्वासानं दिलेला नंबर ही ठेव असते. ती परस्पर तिसऱ्याच्या हवाली करणं हा विश्वासघात आहे, आणि तो शिकलेसवरलेले लोक रोज करतात.

बेंगळुरूतच राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या वयात त्यांनी लढून मिळवलेला हक्क आपण दुकानाच्या काउंटरवर दहा टक्के सवलतीसाठी सोडून देतो. लाज वाटायला हवी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मात्र मुख्य तरतुदींना आणखी दीड वर्षाची मुदत दिली गेली. त्यातही हा हक्क बजावायचा कुणापाशी? माहिती गोळा करून विकणाऱ्या कोणकोणत्या दलालांच्या हाती आपली माहिती आहे हे कळायला इथं काही मार्गच नाही. कॅलिफोर्नियात माहितीच्या दलालांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची आहे, आणि एकाच अर्जानं त्या सगळ्यांना ‘माझी माहिती पुसा’ असं सांगण्याची सोय तिथल्या सरकारनं केली आहे. आपल्याकडे अशी नोंदणी हवी म्हणून बेंगळुरूतल्या निदर्शनांच्या जागी, फ्रीडम पार्कमध्ये, माणसं जमायला हवीत. तोवर रहिवासी संघांनी गेटवरची माहिती कुठं साठते, कोण पाहतं आणि कधी पुसली जाते, याचा जाब येत्या सभेत लेखी मागावा. आणि त्या सभेला धुणीभांडी करणाऱ्या बायकांनाही बोलवावं.