छातीच्या हाडाची चौकशी कुणी करावी?

बायपास झाली की येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती ब्लॉकेज होते?’ मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेल्या छातीच्या हाडाची कुणी विचारपूस करत नाही. मला रात्र रात्र जागं ठेवलं ते या हाडानं; हृदय बिचारं मुकाट काम करत होतं.

डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ: ‘जड उचलू नये.’ भरलेली कळशी नाही, हे कळतं. पण पाच लिटरचा कुकर? नातू? बरणीचं घट्ट बसलेलं झाकण? हाड सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे, पुरतं पक्कं व्हायला ३ महिने लागतात. तोवर कुशीवर वळून उठायचं, खोकताना उशी छातीशी आवळायची, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी करून दाखवलं. कोपर अंगाशी ठेवून हलकी कामं चालतात, हेही त्यांनीच सांगितलं. नाहीतर घरच्यांनी मला देव्हाऱ्यातच बसवलं असतं.

‘दुखणं सोसा, गोळ्या वाईट’ हा शेजारचा सल्ला तर धोक्याचा. दुखतं म्हणून खोल श्वास टाळला, खोकला दाबला, की कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. मात्र हालताना हाड ‘कट्’ वाजलं, सरकल्यासारखं वाटलं, जखम पाझरली किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बायपास होते, ही मोठीच गोष्ट. पण घरी परतलेल्या बाईकडे फिजिओथेरपिस्टच्या दोन-चार फेऱ्या सरकारनं ठरवून द्याव्यात. आणि डिस्चार्जचा तो कागद स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून, मराठीत लिहायला कितीसा खर्च येतो?