तोंडदेखलं ‘नाही’ म्हटलं असतं तर?

मैत्रिणींनो, आमचं राजूर म्हणजे गणपतीचं गाव. चतुर्थीला इथे पाय ठेवायला जागा नसते. अशा गावात मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तो भाग संपला, की मी मुलींना त्याच वसईत जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते. आणि दर वर्षी कुणी ना कुणी हमखास विचारतं, “बाई, तोंडदेखलं नाही म्हणायचं अन् मनात देव ठेवायचा. जीव तरी वाचला असता!”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात वाद नको म्हणून तोंडाने ‘हो’ आणि मनात आपलं आपल्यापाशी, हे आपण बायका किती पिढ्या करत आलो! म्हणून आज त्याविषयीच थोडं.

तो माणूस म्हणजे गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जन्म १५५७ च्या सुमारास. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली वाढला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा उत्तम शिकला. पुढे काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन पंथात ‘ब्रदर’ झाला. १५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील पाठवले, तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून हा वसईकर पुन्हा जपानला गेला.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने त्यावरचा माल जप्त केला. आधी पाद्री येतात, मागून फौजा येतात, असा संशय त्याच्या मनात बसला. आपण वसई-गोव्याचा इतिहास वाचलेला आहे, तेव्हा तो संशय अगदीच वेडा होता असं म्हणवत नाही. गोव्यात तर १५६० पासून पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय लोकांना छळतच होतं. पण शिक्षा झाली ती भलत्यांनाच. क्योतो आणि ओसाका इथून चोवीस जणांना पकडलं, प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांतून धिंड काढली आणि भर थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं.

त्यांत परदेशी सहाच, बाकीचे वीस जपानी. तीन तर पोरंच होती. बारा वर्षांच्या लुईसला तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, धर्म सोड, मी तुला सोडतो. म्हणजे आमच्या मुली विचारतात तीच सवलत. त्याने ती घेतली नाही. चौदा वर्षांचा थॉमस आपल्या वडिलांबरोबर मेला. वाटेत त्याने आईला पत्र लिहिलं होतं. ते वडिलांच्या अंगावर सापडलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, त्यांना आपल्या श्रद्धेत वाढव, असा त्याचा मथितार्थ.

हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. मरणाऱ्याने आईला ‘तूही ये’ म्हटलं नाही. जगायला सांगितलं.

अशा माणसाला ख्रिस्ती मराठीत रक्तसाक्षी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार. साक्षीदाराने खोटं बोललं की साक्षच संपली, हे मुलींच्या प्रश्नाचं एक उत्तर. सन २०३ मध्ये कार्थेज शहरात पर्पेतुआ नावाच्या बावीस वर्षांच्या बाईने हेच उत्तर दिलं. अंगावर पिणारं मूल होतं, म्हातारे वडील विनवण्या करत होते. सम्राटाच्या नावाने एक आहुती टाकली असती तर सुटली असती. तिने तुरुंगात स्वतः लिहून ठेवलेली हकिगत आजही आहे.

पण सगळे असे नव्हते. सन २५० मध्ये रोमच्या डेसियस बादशहाने फर्मान काढलं, की प्रत्येकाने आहुती द्यावी आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळांनी दिली. काहींनी तर आहुती न देता दाखलाच विकत घेतला! (दाखल्याचा हा धंदाही जुनाच म्हणायचा.) संकट टळल्यावर वाद पेटला, की या लोकांना परत घ्यायचं का? अखेर, प्रायश्चित्त करून घ्यायचं, असं ठरलं.

दुसरं उत्तर मिळतं ते पुन्हा जपानमध्ये. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीकडे दर वर्षी लोकांना मेरीच्या किंवा येशूच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. पाय ठेवला नाही तर छळ, मरण. कितीतरी आयाबापड्यांनी पोरांकडे बघून पाय ठेवला, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली आणि तीच प्रार्थना पोरांना पाठ करून दिली. घरात मेरी म्हणून पुजायला मूर्ती ठेवली कन्नोन देवीची. कन्नोन म्हणजे कोण? आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, तो अवलोकितेश्वरच. पूर्वेकडे जाता जाता त्याचं स्त्रीरूप झालं.

पाद्री नाही, चर्च नाही, पोथी नाही. अशी अडीचशे वर्षं गेली. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी चर्च उभं राहिलं. १७ मार्चला उराकामी गावची काही माणसं तिथे आली आणि एका बाईने पाद्र्याला हळूच सांगितलं, तुमच्या मनात आहे तेच आमच्या मनात आहे. मग विचारलं, मेरीची मूर्ती कुठे आहे? बंदी अजून उठली नव्हती. पुढे उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केलं, त्यांतले सहाशेहून अधिक दगावले. १८७३ मध्ये बंदी सैल झाली, तेव्हा उरलेले परतले.

निशिझाकाच्या टेकडीवर मेलेल्यांना १८६२ मध्ये संतपद मिळालं. गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. ज्यांनी चित्रावर पाय ठेवला त्यांची नावं कुठल्याही वेदीवर नाहीत. पण त्या बाया नसत्या तर १८६५ मध्ये ती मूर्ती कुठे आहे हे विचारायला कुणी उरलंच नसतं. तेव्हा त्यांना खोटं ठरवायला माझी जीभ रेटत नाही. एकाने साक्ष दिली, दुसरीने ती जपली. दोन्हींची किंमत भारीच पडली.

वसईला जाणं झालं तर किल्ला बघालच. जमलं तर जवळच्या गास गावातलं गोन्सालो गार्सियाचं चर्चही बघा. आणि तिथे थॉमसच्या आईचीही आठवण काढा. नवरा गेला, मुलगा गेला, आणि धाकट्यांना वाढवायचं काम तिच्याकडे राहिलं.