जपणं आणि अडवणं

रविवारी दुपारी मुलांनी 'फाइंडिंग निमो' लावला आणि आम्हीही त्यांच्याशेजारी बसलो. पिक्सारचा 2003 सालचा हा कार्टूनपट मुलांसाठी आहे खरा, पण आमच्या मनात घर केलं ते त्यातल्या बापाने.

मार्लिन हा नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटासा मासा. एका मोठ्या माशाच्या हल्ल्यात त्याची बायको जाते, चारशेहून जास्त अंडी जातात. उरतं एकच. त्यातून जन्मलेल्या निमोचा एक पर लहान आहे. या एकुलत्या लेकराला कधीच काही होऊ द्यायचं नाही, असं मार्लिन ठरवून टाकतो. अशा बापाला नावं कोण ठेवील?

पण शाळेच्या पहिल्याच दिवशी काय होतं पाहा. सवंगडी खोल पाण्याकडे जाण्याची ईर्षा करत असतात. निमो जाणार नसतो. तेवढ्यात मार्लिन येतो आणि चारचौघांत त्याला रागावतो : तुला नीट पोहता येत नाही, तुला हे जमणार नाही. जे निमोच्या मनातही नव्हतं, ते तो आता रागाने करून दाखवतो. दूरच्या बोटीपर्यंत जातो आणि पाणबुड्याच्या हाती सापडतो.

'तुला नाही जमायचं.' हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोललं जातं! दहावी झालेली मुलगी दुसऱ्या शहरात शिकायचं म्हणते, मुलगा घरचं दुकान सोडून वेगळं काही शिकेन म्हणतो, आणि अब्बांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'नाही'. त्यामागे माया असते, धास्तीही असते. दिवस कसे आहेत, परक्या गावात नुसतं नाव ऐकून कुणी खोली नाकारली तर? ही धास्ती खोटी नाही. पण मुलांना ती दिसत नाही. त्यांना एवढंच ऐकू येतं, की अब्बांचा माझ्यावर भरवसा नाही.

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) यांची हकिगत आपण वाचतो. नबींची बरोबरी सिनेमातल्या माशाशी करण्याचा प्रश्नच नाही. पण बापाने आपल्या भीतीचं काय करावं, हे शिकायचं तर तिथेच. यूसुफ (अलै.) यांना भावांसोबत पाठवताना लांडग्याची भीती त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे कित्येक वर्षांनी धाकट्या बिनयामीनला मिसरला पाठवायची वेळ आली. एकदा होरपळलेल्या बापाने पुन्हा लेकाला उंबऱ्याबाहेर सोडायचं! त्यांनी थोरल्यांकडून अल्लाहच्या नावाने वचन घेतलं, वेगवेगळ्या दरवाजांनी आत शिरा असं बजावलं आणि भरवसा अल्लाहवर ठेवला. काळजी सांगितली, तजवीज केली, तवक्कुल केला. आणि मग जाऊ दिलं.

सिनेमाच्या शेवटी मार्लिनचीही परीक्षा होते. निमो नुकताच परत मिळालेला असतो. तेवढ्यात मैत्रीण डोरी मच्छीमारांच्या जाळ्यात अडकते. सगळे मासे एकदम खाली पोहले तर जाळं तुटेल, हे निमोला कळतं आणि तो आत जायचं म्हणतो. मार्लिन आधी नकार देतो. मग लेकाच्या तोंडाकडे पाहतो आणि म्हणतो, तुला जमेल. ज्या तोंडाने 'जमणार नाही' म्हटलं होतं, त्याच तोंडाने. मग निमो जाळ्यात शिरतो, मासे खाली जोर लावतात आणि जाळं तुटतं.

औलाद ही अल्लाहची अमानत आहे. अमानत जपायची असते, कुलपात ठेवायची नसते. या महिन्यात एवढं करून पाहू या : मुलाने किंवा मुलीने काही मागितलं, की 'नाही' म्हणण्याआधी तिथे राहायचं कुठे, सोबत कोण, अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हे जवळ बसवून विचारू या. आपल्याला कशाची भीती वाटते, तेही सांगू या. सगळं ऐकून कधी 'नाही'च म्हणावं लागेल. पण ते ऐकून घेतलेलं 'नाही' असेल. आणि 'हो' म्हटलं, तर दारापर्यंत सोडायला जाऊ या आणि मागे फिरताना दुआ करू या : या अल्लाह, माझी नजर पोहोचत नाही तिथे तूच याचा राखणदार.