गल्लीचा पुढारी आणि आपण

पुण्याच्या कोणत्याही पेठेतील सुशिक्षित गृहस्थापाशी महानगरपालिकेची गोष्ट काढावी. तो नाक मुरडून गल्लीतल्या पुढाऱ्यास चार शब्द सुनावतो. घरचा नळ आटला, की त्याच पुढाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो! नगरकारभाराच्या अधोगतीचे मूळ पुढाऱ्याइतकेच या दुटप्पी वर्तनात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा पुढारी करतो तरी काय? मंडळाचा गणपती बसवतो, इस्पितळात खाट मिळवून देतो, तुंबलेले गटार उपसवून घेतो. ही कामे वाईट असे कोण म्हणेल? अपरात्री हाकेला धावून येणारा मनुष्य बहुधा तोच असतो. परंतु गटार उपसणे हे पालिकेचे कर्तव्य आहे आणि कर भरणाऱ्याचा तो हक्क आहे. हक्क उपकाराच्या रूपाने हाती पडू लागला, की नागरिकाचा आश्रित होतो. आणि आश्रिताचे मत मागावे लागत नाही, ते वसूल करता येते. मग करदात्यांच्या पैशाने मांडलेल्या बाकावर ‘अमुक यांच्या प्रयत्नाने’ अशी अक्षरे झळकतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावे, तसलाच हा प्रकार!

याच शहराने निराळा नगरसभासद पाहिला आहे. जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे म्हणून त्यांनी विरोध केला. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारी स्वागताच्या खर्चास आडवे जावे, आणि लोकांनी निवडलेल्याने आपल्या गल्लीपलीकडचे अंदाजपत्रक उघडूनही पाहू नये, यास प्रगती म्हणावे काय?

कायदा अपुरा आहे, ही सबबही चालणार नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभांची तरतूद केली. परंतु आपल्या भागाची समिती कधी भरते, हे सांगू शकणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

याचे प्रत्यंतर दूर शोधावयास नको. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार हाकला. शहर पेटून उठले नाही. उठावे तरी कशाला? खाट मिळत होती, गटार उपसले जात होते, ओटा पूर्वीसारखाच गजबजलेला होता. आपण निवडलेला मनुष्य आपल्या वतीने कारभाराचा जाब विचारण्यासाठी असतो, ही कल्पनाच ज्यांच्या मनातून गेली, त्यांना रिकामे सभागृह खटकणार कसे?

‘राजकारण हे सभ्यांचे काम नव्हे’ असे म्हणणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच, की या सोवळेपणाची किंमत तुमच्या मोलकरणीस आपल्या वस्तीत पाण्याच्या हंड्यासाठी पुढाऱ्यापुढे हात जोडून द्यावी लागते. पुढाऱ्याचा ओटा मोडू नका. तेथे जरूर जा. मात्र नळाची विनवणी घेऊन जाऊ नका, प्रभागात आलेल्या पैशाचा हिशेब मागावयास जा. असे दहा जण गेले, तर त्या पुढाऱ्यास नगरसेवक व्हावेच लागेल.