सोन्याची सोडत

अमेरिकेतील सोन्याच्या शोधाचा विषय वर्गात निघाला की विद्यार्थी हटकून कॅलिफोर्नियाचे आणि १८४९ सालाचे नाव घेतात. दोष त्यांचा नाही. बहुतेक पुस्तकेही तेथूनच प्रारंभ करतात. वास्तविक त्यापूर्वी अर्धशतक, १७९९ साली, नॉर्थ कॅरोलायनातील एका ओढ्यात कॉनरॅड रीड या १२ वर्षांच्या मुलाला सुमारे १७ पौंड वजनाचा सोन्याचा गोळा सापडला होता. घरच्यांनी तो तीन वर्षे दाराला टेकू म्हणून वापरला आणि १८०२ मध्ये वडिलांनी तो एका जवाहिऱ्याला साडेतीन डॉलरला विकला. ही कथा रंजक खरी. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबावे असे प्रकरण शेजारच्या जॉर्जिया राज्यातले आहे. १८२९ पासून तेथे जे घडले त्यास निव्वळ झुंबड म्हणणे अपुरे ठरेल.

उत्तर जॉर्जियातील ज्या डोंगराळ भागात सोने निघाले तो चेरोकी लोकांचा प्रदेश होता, आणि अमेरिकेच्या संघराज्याने तहान्वये त्यांचा हक्क मान्य केलेला होता. हे लोक रानात भटकणारे होते, अशी समजूत असल्यास ती दूर केली पाहिजे. सेक्वोया या त्यांच्यातीलच एका पुरुषाने १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली आणि १८२८ पासून न्यू एकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र दोन भाषांत निघू लागले. त्यांच्यात शेतमळ्यांचे मालक होते, गुलाम बाळगणारेही होते. ‘सुधारा, म्हणजे तुम्हांला स्थान मिळेल’ हा गोऱ्यांचा उपदेश त्यांनी त्यातील गुणदोषांसह अंगी बाणवला होता.

सोने निघताच हजारो उपरे या प्रदेशात घुसले. चेरोकींनी या घटनेला ‘महाघुसखोरी’ असेच नाव दिले. परंतु नुकसान केवळ घुसखोरांनी केले नाही. सोन्याची वार्ता पसरण्यापूर्वीच, डिसेंबर १८२८ मध्ये, जॉर्जियाच्या विधिमंडळाने चेरोकी प्रदेशावर आपले कायदे लागू करण्याचे ठरविले होते; १ जून १८३० पासून ते अमलात आले. कापसासाठी जमिनीची भूक जुनी होती, सोन्याने ती अनावर केली इतकेच. लवकरच गोऱ्यांविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचा चेरोकींचा अधिकार गेला आणि स्वतःच्या भूमीत सोने खणणे हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरला.

मग प्रश्न आला वाटपाचा. येथे थोडे मागे जावे लागते. १७९५ साली जॉर्जियाच्या आमदारांनी पश्चिमेकडील विस्तीर्ण जमिनी काही कंपन्यांना कवडीमोलाने विकल्या आणि त्यात अनेकांनी लाच खाल्ल्याचे उघड झाले. ‘याझू घोटाळा’ म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. पुढल्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. वशिला व लाचलुचपत यांना वाव राहू नये म्हणून १८०५ पासून राज्याने सोडतीने जमीन वाटण्याची पद्धत सुरू केली. उपाय स्तुत्य होता, यात शंका नाही. एका पिंपात नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जमिनीच्या. श्रीमंताला जी संधी तीच गरिबाला.

ऑक्टोबर १८३२ मध्ये मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत चेरोकी प्रदेशातील सोन्याच्या जमिनीची सोडत सुरू झाली. प्रत्येकी ४० एकरांचे सुमारे ३५ हजार तुकडे पाडण्यात आले होते. अविवाहित गोऱ्या नागरिकास एक संधी, कुटुंबप्रमुखास दोन. विधवा व अनाथ यांचाही विचार केलेला होता. इतकेच नव्हे, तर १ जून १८३० नंतर चेरोकी प्रदेशात सोने खणलेल्यांना सोडतीतून वगळण्यात आले होते! चोराला शिक्षा व्हावी इतकी ही व्यवस्था सचोटीची होती. केवळ ज्याची जमीन, त्याचे नाव कोणत्याही पिंपात नव्हते.

प्रस्तुत लेखकाला या प्रकरणाचे मर्म येथे दिसते. जमीन मूठभर सावकारांना विकली गेली असती, तर राज्यातच विरोधाचा आवाज उठला असता. सोडतीने लुटीचा वाटा, निदान त्याची आशा, घरोघर पोहोचवली, आणि ज्याच्या खिशात चिठ्ठी आहे तो मूळ मालकी कोणाची हे कशाला विचारील? प्रत्यक्षात बहुतेक तुकड्यांत सोने नव्हतेच. अनेकांनी आपले तुकडे विकून टाकले. भांडवल असणारे उरले. त्यांत जॉन सी. काल्हून हे माजी उपराष्ट्राध्यक्षही होते आणि त्यांच्या खाणीत गुलाम राबत.

त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर खटल्यात निर्णय दिला होता की चेरोकी भूमीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. सरन्यायाधीश मार्शल यांच्या या निकालाच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी काहीच केले नाही. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून परतले, तेव्हा त्यांच्या राहत्या घरात सोडतीचा विजेता येऊन बसला होता. त्याच वर्षाअखेर एका अल्पसंख्य गटाने ५० लाख डॉलरच्या बदल्यात सर्व प्रदेश सोडण्याचा तह केला. रॉस यांनी १५ हजारांहून अधिक लोकांच्या नावांनिशी विरोध नोंदविला, तरी सिनेटने तो एका मताच्या आधिक्याने संमत केला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना पश्चिमेकडे नेण्यात आले. त्यांपैकी चार हजारांच्या आसपास दगावले असावेत, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

डालोनेगा या गावी सरकारी टांकसाळ सुरू झाली तीही १८३८ मध्येच. गावाचे नाव ‘पिवळा’ या अर्थाच्या चेरोकी शब्दावरून आले आहे. १८६१ मध्ये ती बंद पडेपर्यंत तेथे सुमारे ६० लाख डॉलरची नाणी पडली. सगळेच सोने या टांकसाळीत गेले नाही, हे खरे. तरी तहाची रक्कम शेजारी ठेवून हा आकडा वाचावा. ओढ्यांतील सहज हाती लागणारे सोने तर १८४० नंतर थोड्याच वर्षांत आटले आणि १८४९ मध्ये खाणकऱ्यांनी कॅलिफोर्नियाची वाट धरली.

निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते मिशनरी सॅम्युअल वूस्टर आणि त्यांचे सहकारी बटलर यांना जॉर्जिया राज्याने १९९२ मध्ये मरणोत्तर माफी दिली. सोडतीसाठी मोजणीदारांनी पाडलेले डिस्ट्रिक्ट आणि लॉट यांचे क्रमांक मात्र उत्तर जॉर्जियातील जमिनींच्या खरेदीखतांत आजही लिहिले जातात.